जुनी कॅम्पर व्हॅन आणि सोलापूरचं ऊन : वापरानंतरचा अनुभव

दसऱ्यापासून होळीपर्यंत मजा आहे. होळी झाली की गाडी सावलीत लावायची आणि वर ताडपत्री टाकायची. सोलापुरात कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय केलेली गाडी, घेऊ का, असं विचारणाऱ्याला मी एवढंच सांगतो. मग तो 'का?' म्हणतो आणि अर्धा तास जातो. तो अर्धा तास इथं लिहून टाकतोय.

गाडी शाळेच्या मुलांची ने-आण करणारी, बारा सीटची, डिझेल. कंपनीचं नाव देत नाही, कारण खाली जी रडगाणी आहेत ती गाडीच्या वयाची आहेत, कंपनीची नाहीत. पत्रा जाड, इंजिन जुन्या पद्धतीचं, सेन्सरचा पत्ता नाही. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतली, गणपतीपर्यंत आतलं काम झालं. माणसं पाच : आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. घेताना पत्रा आणि चासी सगळेच बघतात, मी टायरही बघायला सांगेन. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. '३२१६' म्हणजे २०१६ सालचा बत्तिसावा आठवडा. शाळेची गाडी फार पळत नाही, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र उन्हानं तडकलेलं असतं. आमचे पाचही टायर बदलले.

कागदपत्रांचं थोडक्यात. शाळेची गाडी परिवहन नोंदणीत असते, ती खाजगीत आणावी लागते. सीट कमी-जास्त केल्या की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. पंधरा वर्षं झालेली खाजगी गाडी असेल तर पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर धरून चाला. विमावाल्याला बदल कळवा. हे सगळं कंटाळवाणं आहे, पण गाणगापूरला जायचं म्हणजे कर्नाटकात शिरायचं, आणि नाक्यावर पोलिसाला आतला पलंग दाखवून समजावत बसण्यापेक्षा कागद बरे.

आतलं काम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेटरकडून करून घेतलं. ड्रायव्हरमागची सीटची रांग पट्ट्यांसकट तशीच ठेवली. तिच्या मागं चौकोनी पाइपची फ्रेम, वर बारा एमएमचा प्लाय, त्यावर चार इंची फोम. एका बाजूला लांब बाकडं, ते आईचं. सगळं नट-बोल्टवर, वेल्डिंग काही नाही. मी ओव्हरहेड कपाटं सांगत होतो तेव्हा मिस्त्री म्हणाले, "साहेब, वर वजन नका चढवू. गाडी डुलती आन् पाटे बसतेत." पाटे म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या. कपाटं रद्द झाली. त्याऐवजी जाळीच्या पिशव्या टांगल्या, कपडे त्यातच राहतात. आतली उंची पाच फुटांच्या आसपास, म्हणजे मुलं उभी राहतात आणि आम्ही वाकून. आठवडाभराच्या प्रवासाला हे अवघड होईल. दोन रात्रींना कुणी कुरकुरलं नाही.

आता उन्हाचं, कारण सगळं तिथंच अडतं. सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीसला सहज जातो. उभ्या गाडीचा टप दुपारी तवा असतो. आम्ही आतून दहा एमएमचा नायट्राइल फोम, म्हणजे उष्णता अडवणारा रबरी फोम, चिकटवला, चंदेरी बाजू आत, आणि बाहेरून टपावर पांढरा रंग मारला. हिवाळ्यात आणि फेब्रुवारीच्या दुपारीसुद्धा फरक चांगला कळतो. मार्च उलटला की फोम फक्त उशीर करतो. दुपारी बारा वाजता आत यायची ती उष्णता दोन वाजता येते. आणि आत शिरलेली उष्णता रात्री बाहेर जायलाही तोच फोम आडवा येतो. रात्री नऊला बाहेर वारं सुटलेलं असतं आणि आत भिंती अजून कोमट. उपाय एकच, दिवस मावळला की चारही दारं उघडी टाकायची आणि दहापर्यंत आत कुणी जायचं नाही. शेतात मुक्काम असेल तर मोटारीच्या पाइपनं टपावर पाणी मारून घ्या. आपल्याकडची हवा कोरडी, पाणी झटकन उडतं आणि पत्रा पाच-दहा मिनिटांत निवतो.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. टपावर सोलरचं पॅनेल बसवताना मिस्त्रींनी खाली दोन इंचांची फट ठेवली होती, पॅनेलला हवा लागावी म्हणून. पॅनेल तापलं की वीज कमी देतं, दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्के, त्यामुळे भर उन्हाळ्यात ऊन कडक असूनही वीज अपेक्षेपेक्षा कमी येते. पण त्या फटीचा खरा फायदा आत कळला. मार्चमधल्या एका दुपारी छताला आतून तळहात लावून बघितला. पॅनेलखालचा भाग कोमट, आणि वीतभर पलीकडे हात टेकवत नव्हता. तेव्हापासून उरलेल्या टपावर कॅरिअरला हिरवी शेडनेट ताणून बांधतो, पत्र्याला चिकटू न देता. द्राक्षबागायतदार लावतात तीच. खर्चाच्या मानानं फोमपेक्षा या नेटनं जास्त काम केलं, असं माझं मत.

विजेचा हिशेब. दीडशे एएचची (अँपिअर-अवर) ट्युब्युलर बॅटरी, बारा व्होल्ट, म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून हातात ९०० धरायचे. ट्रकवाले लावतात तसले बारा व्होल्टचे दोन पंखे रात्रभर, चार एलईडी आणि मोबाइल मिळून चारशेच्या आसपास जातात. दोन रात्री निभावतात, आणि गाडी पळाली की अल्टरनेटरवरून बॅटरी भरते. आता लोक सुचवतात तो बारा व्होल्टचा फ्रीज घाला. पंचेचाळीस वॅटचा कॉम्प्रेसर आपल्या उन्हात निम्म्याहून जास्त वेळ चालणार, म्हणजे दिवसाला सहाशे-सातशे वॅट-अवर तोच खाणार. मग बॅटरी दुप्पट, पॅनेल दुप्पट, वजन वाढलं, पाटे बसले. फ्रीज घेतला नाही. बॅटरी झोपायच्या जागेत बंद पेटीत ठेवू नका. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, पेटीला बाहेर उघडणारी जाळी हवीच.

फ्रीज नसल्यानं अडलं काय? सोलापुरात काही नाही. कडक भाकरी पंधरा दिवस टिकते, शेंगाचटणी त्याहून जास्त. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याची पूड, डब्यात भरून नेलं की पाणी उकळायचा अवकाश, आमटी तयार. दही रात्री विरजण लावून गाडीतच होतं, रस्त्याच्या हादऱ्यांमुळे थोडं पातळ लागतं इतकंच. पिण्याच्या पाण्याला छोटा माठ, भोवती ओलं गोणपाट, तो मागच्या दाराशी वाऱ्याला. बायकोनं पहिल्या मुक्कामालाच जाहीर केलं की जेवणाच्या बाबतीत ही गाडी सोलापूरकरांसाठीच केलीय. पाण्याचंही तेच. वीस लिटरचे दोन जार, पाच माणसं, एक रात्र आणि सकाळ. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात वाढलेली मुलं तांब्याभर पाण्यात तोंड, हात, पाय उरकतात. पुण्याचे पाहुणे बरोबर होते तेव्हा तेच दोन जार संध्याकाळीच संपले.

गॅस पाच किलोचा छोटा सिलिंडर. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो, म्हणून त्याच्या कप्प्याला तळाशी भोक पाडलंय. स्वयंपाक मात्र कायम बाहेर, मागच्या दाराआड फोल्डिंग टेबलावर. माळावर वारं एवढं असतं की ज्योत टिकत नाही. तेलाचा डबा कापून तीन बाजूंचा पत्रा केला, तो स्टोव्हभोवती लागतो. थंडीत आत शेगडी किंवा निखारे घेऊन झोपायचं नाही, इंजिन चालू ठेवूनही झोपायचं नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. यात चर्चा नको.

जागांचं सांगतो. उजनीच्या पाणलोटावर, करमाळा तालुक्याच्या बाजूला, ओळखीच्यांच्या केळीच्या शेतात डिसेंबरमध्ये राहिलो. सकाळी रोहित पक्षी उथळ पाण्यात माना घालून उभे होते आणि मुलं गाडीच्या खिडकीतूनच बघत होती, अंथरूण न सोडता. त्याची भरपाई आदल्या संध्याकाळी झाली होती. तिथं पाण्याकाठी दिवेलागणीला चिलटं उठतात. आतला दिवा लावला आणि मिनिटभरात पुढच्या काचेवर करडा थर. चावत नाहीत, पण आमटीत पडतात. जेवण दिवस असतानाच उरका आणि सगळ्या खिडक्यांना मच्छरजाळी लावा, वेल्क्रोनं लावलेली पुरते.

हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना मिळतात. मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे आणि ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. थोरल्यानं ती मुखं मोजायला घेतली, शंभरच्या पुढं गोंधळला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, तेवढ्यात आमचा चहा झाला. गावातल्या मंडळींना विचारून बाहेर गाडी लावली. आधी विचारलं की रात्री कुणी काचेवर टकटक करत नाही, उलट दूध आणून देतात. नळदुर्गला बोरी नदीवरचा पाणीमहाल बघितला, १६१३ चं बांधकाम. पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू असतात तेव्हा गर्दी तुफान असते आणि मुक्कामाला शांत जागा मिळत नाही. त्या रात्री हायवेच्या ढाब्यावर ट्रकांच्या रांगेत झोपलो, म्हणजे पडलो. नान्नजला माळढोक अभयारण्य आहे. आत गाडी लावून झोपायचा विषयच नाही. सकाळी जाऊन काळवीट बघून परत यायचं.

सगळ्यात चांगली रात्र हुरड्याची, मंगळवेढ्याकडं. आगटीतनं काढलेली कणसं हातावर चोळून, शेंगाचटणी, गूळ, दही. पहाटे थंडी चांगलीच होती, सोलापुरी चादर एकावर एक दोन घेतल्या. त्याच चादरी दिवसा खिडक्यांना पडदे म्हणून लागतात, स्वतंत्र ब्लाइंड्सवर पैसे घालू नका.

बायकांच्या दृष्टीनं खरा प्रश्न संडासाचा, आणि पुरुषांनी लिहिलेल्या अनुभवांत तो एका ओळीत उरकलेला असतो. आमच्याकडं झाकणाची पोर्टेबल बादली आणि लाकडाचा भुसा आहे. मुलं वापरतात, आईनं तिच्याकडं बघायलाही नकार दिला. त्यामुळं मुक्काम ठरवताना बायको आधी जवळचा स्वच्छ पेट्रोल पंप नाही तर भक्तनिवास शोधते, मग बाकीचं. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर या वाटांवर हे सोपं आहे. यात्रेकरूंची सोय आधीपासून आहे, तिचाच फायदा घ्यायचा. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्यात वीज-पाणी असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. आमचा मुक्काम अजून एकाही पार्कात पडलेला नाही. आमचं पार्क म्हणजे देवस्थानाची पार्किंग.

जुन्या गाडीची भीती किती खरी? मायलेज लिटरला दहा-अकरा. आपला जिल्हा सपाट असल्यानं इंजिनाला त्रास नाही. तुळजापूरचा घाट तेवढा दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून. टेंभुर्णीच्या अलीकडं एकदा रेडिएटरचा होज फाटला. रस्त्याकडंच्या गॅरेजवाल्या अण्णांनी ट्रॅक्टरचा होज कापून, दोन क्लिपा आवळून तासाभरात रस्त्याला लावलं. तो अजूनही तसाच आहे. नवीन गाडी असती तर टो करून पुण्याला न्यावी लागली असती, असं ते म्हणाले, आणि मला ते पटलं. मार्चनंतर मात्र पंख्याचा पट्टा, होज आणि कूलंट हे दर निघण्याआधी बघावंच लागतं.

पैशांचं विचारलं जातं म्हणून. गाडी दोन लाखांच्या आत, टायर, आतलं काम आणि वीज मिळून लाखाच्या थोडं पुढं. वर्षातले चार-पाच महिनेच वापर होणार हे धरलं तर लॉजवर राहणं स्वस्त पडेल. नुसता खर्च वाचवायला घेत असाल तर घेऊ नका. पण आईला तीन तासांहून जास्त बसवत नाही, आणि या गाडीत ती आडवी होऊन, पाय पसरून प्रवास करते. तिच्यामुळं जे प्रवास होत नव्हते ते झाले, याची किंमत मला लावता येत नाही.

आता मृग लागलाय. गेल्या पावसात मागच्या काचेच्या कडेनं पाणी फोमच्या आत गेलं होतं आणि तळाचा प्लाय एका कोपऱ्यात फुगला. सिलिकॉन मारून तात्पुरतं थांबवलं, पण उन्हानं ते सुटलंय. या जुन्या मॉडेलचं काचेचं रबर इथं मिळालं नाही, पुण्याहून मागवलंय. श्रावणात गाणगापूर ठरलंय. रबर आलं नाही तर पुढं ढकलू म्हटलं, तर आई म्हणाली, काचेला बादली लाव, पण जायचंच.