‘ग्रिम’ बघावी की ‘वन्स अपॉन अ टाइम’?

ऑक्टोबर 2011मध्ये अमेरिकेत परीकथांवरच्या दोन मालिका पाच दिवसांच्या अंतराने सुरू झाल्या. एबीसी वाहिनीवर 23 तारखेला ‘वन्स अपॉन अ टाइम’ आली आणि एनबीसीवर 28 तारखेला ‘ग्रिम’. आज नव्याने बघायला घेणाऱ्यासमोर पहिला हिशोब वेळेचा असतो. ‘ग्रिम’चे सहा सीझन आणि 123 भाग मिळून साधारण 87 तास होतात. ‘वन्स’चे सात सीझन, 155 भाग, म्हणजे 110 तासांच्या आसपास. बहुतेकांना यातली एकच पूर्ण करणं जमेल.

‘वन्स’चा पहिला सीझन सुरेख आहे, हे आधी सांगायला हवं. हिमगौरीच्या सावत्र आईच्या शापाने सगळी पात्रं अमेरिकेच्या मेन राज्यातल्या स्टोरीब्रुक गावात येऊन पडतात आणि आपण कोण होतो हेच विसरतात. प्रत्येक भागात अर्धी गोष्ट आजच्या गावात घडते, अर्धी पूर्वीच्या परीराज्यात. गावकऱ्यांना जे आठवत नाही ते आपल्याला दिसत असतं, म्हणून ही रचना इथे चपखल बसते. रंपलस्टिल्टस्किन हा परीकथेतला सौदेबाज जादूगार झालेल्या रॉबर्ट कार्लाइलसाठी तरी हे 22 भाग बघावेत. बारावा तर नक्कीच.

माझ्या दृष्टीने ‘ग्रिम’च्या बाजूने निकाल लागला तो मात्र याच रचनेमुळे. पहिल्या सीझनअखेर शाप सुटतो आणि सगळ्यांना सगळं आठवतं. म्हणजे भूतकाळ तुकड्या-तुकड्यांनी उघडण्याचं कारणच संपतं. तरीही जवळपास प्रत्येक भागात मागे जाणं पुढेही चालूच राहतं. आज भेटलेला शत्रू पूर्वीही भेटला होता, असं दाखवायचं, तर मग तो इतके दिवस कोणाला आठवला कसा नाही? त्यासाठी पुन्हा विस्मरण: तिसऱ्या सीझनच्या उत्तरार्धात एक अख्खं वर्ष पुसलं जातं, पाचव्यात राजा आर्थरच्या कॅमलॉटमधले सहा आठवडे. ताण चढत असताना दर आठ-दहा मिनिटांनी गोष्ट सोडून जुन्या काळात जावं लागतं आणि मागे जाणारे प्रसंग गाळावेत, तर पुढचे दुवे तुटतात. काहींना हीच गुंफण आवडते. मला ती चौथ्या सीझनपासून जड वाटू लागली.

‘ग्रिम’ पुढे चालत राहते. ऑरेगनमधल्या पोर्टलंडचा खून-तपास पथकातल्या डिटेक्टिव्ह निक बर्कहार्टला माणसांच्या चेहऱ्यामागचे ‘व्हेसन’, म्हणजे माणसांत मिसळून राहणारे पशुरूपी जीव, दिसू लागतात. भागाच्या सुरुवातीला जुन्या कथेतली एखादी ओळ येते, मग प्रेत सापडतं, मग रीतसर तपास. पहिल्या भागात लाल कपड्यांतली कॉलेजची मुलगी जंगलात पळायला जाते आणि मारली जाते. तिच्या आयपॉडवर वाजत असलेलं गाणं संशयित गुणगुणतो आणि तिथेच अडकतो. जादू आहे, पण दुवा पोलिसाला शोभेल असा आहे. चित्रीकरणही पोर्टलंडमध्येच झालं, त्यामुळे ते ओलं, गर्द जंगल खरं वाटतं. ‘वन्स’मधलं परीराज्य बऱ्याचदा संगणकावर रंगवलेलं असल्याचं कळतं. शिवाय घड्याळं दुरुस्त करणारा, कटाक्षाने शाकाहारी राहिलेला लांडगा मन्रो! त्याच्यासारखं पात्र ‘वन्स’मध्ये मला सापडलं नाही.

दोष इथेही आहेत. पहिले पाच-सहा भाग सुटे-सुटे वाटतात. दुसऱ्या सीझनमधलं निकची प्रेयसी ज्युलिएट हिचं विस्मरण फारच लांबवलंय. पाचव्यात ‘ब्लॅक क्लॉ’ संघटनेच्या कटापुढे दर भागाचं प्रकरण मागे पडतं. शेवटचा सीझन 13 भागांचा असल्याने शेवट थोडा घाईत उरकतो. प्रेतंही स्पष्ट दाखवतात, त्यामुळे लहान मुलांसोबत बघायचं असेल, तर ‘वन्स’च बरी.

‘ग्रिम’ आजमावायची असेल, तर केवळ पहिल्या भागावरून ठरवू नका. पहिल्या सीझनमधले सहावा (तीन डुकरं आणि लांडगा) आणि दहावा (हॅन्सेल-ग्रेटेल) हे भाग बघा. मग तिसऱ्या सीझनमधला चौदावा: त्यात फिलिपिन्समधल्या लोककथेतली ‘अस्वांग’ येते आणि निकचा पोलीस सहकारी सार्जंट वू याचं पात्र बदलून जातं. पण तो क्रमाने पोहोचल्यावरच बघा, आधी नको. आणि ‘वन्स’च घेणार असाल, तर तिसऱ्या सीझनच्या अकराव्या भागावर थांबता येतं. तिथे गोष्ट समाधानाने मिटते.