कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या ख्रिस्ती काउन्सेलिंगचा अनुभव, आईला घेऊन जात होतो

पप्पा हार्ट अटॅकनं अचानक गेले आणि आईचं सगळंच थांबलं. झोप नाही, जेवण नाही, आणि जी बाई भर पावसात पण रविवारची उपासना चुकवायची नाही तिनं चर्चला जायचंच सोडलं. भेटायला येणारं जो तो रोमकरांस पत्र 8:28 ऐकवून जायचं, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, आता रडायचं नाही. वचन खरं आहे, माझा पूर्ण विश्वास आहे त्याच्यावर, पण मातीच्या दुसऱ्या दिवशी विधवा बाईच्या तोंडावर ते असं फेकलं की तिला वाटतं आपलं रडणं म्हणजे अविश्वासच झाला. हे मला फार लागलं होतं, म्हणून इथं जाताना पण मनात धाकधूकच होती की परत तेच ऐकायला लागतंय की काय.

तसं झालं नाही. पहिल्या सेशनला काउन्सेलर मॅडमनी बायबल उघडलंच नाही, पप्पा कसे होते, शिरोलीला कामाला कधी लागले, घरात शेवटचं बोलणं काय झालं एवढंच विचारत बसल्या आणि आई बोलत राहिली. मी बाहेर आल्यावर विचारलं की मॅडम वचन काहीच नाही का, तर म्हणाल्या नीतिसूत्रे 18:13 वाचा, ऐकून घ्यायच्या आधी उत्तर देणं हा मूर्खपणा आहे असं शास्त्रच सांगतंय. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र पण सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसले तोवर बरोबर होते, तोंड उघडून कारणं सांगायला लागले तिथं बिघडलं.

नंतर वचन आलं, पण कोणतं आलं ते बघा. स्तोत्र 42, ज्यात माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतोय की तू का खिन्न झालास. मग स्तोत्र 88, जे अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळ पण नाही. आई म्हणाली हे असलं पण बायबलमध्ये आहे? आयुष्यभर चर्चला गेलेली बाई, तिला कुणी उपदेशात हे कधी वाचून दाखवलं नव्हतं. त्या दिवशी ती घरी येऊन देवाशी भांडली, मोठमोठ्यानं, आणि मला ते लई बरं वाटलं कारण इतके दिवस ती देवाशी बोलतच नव्हती.

माझ्या मते शास्त्राचा काउन्सेलिंगमध्ये खरा उपयोग हाच आहे, दुःखाला बोलायला शब्द देणं. अमेरिकेत जे अ‍ॅडम्स म्हणून पाळक होते, त्यांनी 1970 च्या सुमाराला नाउथेटिक पद्धत मांडली, म्हणजे काउन्सेलिंग शास्त्रावरच उभं पाहिजे, पापाला पाप म्हणून समोर ठेवलं पाहिजे, मानसशास्त्राच्या मागं जायचं नाही. दुसरी बाजू म्हणते मानसशास्त्राचं पण घ्या, शास्त्राच्या कसोटीवर घासून घ्या. मॅडम दुसऱ्या बाजूच्या. मला पटतं ते, कारण 2 तीमथ्य 3:16 मध्ये शास्त्रलेख दोष दाखवायला उपयोगी आहे असं आहे हे खरंच, व्यसन असेल, नवरा हात उचलत असेल तर दोष दाखवायलाच पाहिजे, पण शोकात बसलेल्या बाईचा कसला दोष काढणार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, झोप येईना म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून सायकियाट्रिस्टकडं पाठवलं. आई तयार नव्हती, गोळ्या घेतल्या म्हणजे प्रार्थनेवर विश्वास नाही असं तिचं म्हणणं. तेव्हा मॅडमनी 1 राजे 19 काढलं. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागतोय आणि देवदूत त्याला उपदेश करत नाही, भाकर आणि पाणी देतो, परत झोपू देतो, परत खायला घालतो, होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलतो ती गोष्ट त्याच्यानंतर. मी पण म्हटलं की आई, मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी 1894 ला मिशनचा दवाखाना काढला तो काय विश्वास कमी होता म्हणून काढला का? मग गेली. आता गोळी पण चालू आहे आणि स्तोत्रं पण.

खटकलं ते पण सांगतो. दोन खोल्यांच्या मध्ये प्लायचं पार्टिशन आहे, आतलं रडणं बाहेर बाकावर स्पष्ट ऐकू येतं. आपली मंडळी छोटी, सगळे ओळखीचे, शेवटी दोन घरं सोडून राहणारीच बाई बाकावर बसलेली असते, हे त्यांनी लवकर सुधारायला पाहिजे. फी ठरलेली नाही, जमेल ते पाकिटात घालायचं. स्टेशनकडून चालत जाता येतं, गाडी लावायला जागा नाही. शनिवारी फोन न करता जाऊ नका, बसून राहायला लागतं.