स्पायरो आणि इस्ट्रोजेन जेल : दीड वर्ष वापरल्यानंतर

मी ट्रान्स स्त्री. दीड वर्ष इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन जेलमधून घेतेय, आणि पुरुषी हार्मोन टेस्टोस्टेरॉनला अडवायला स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे स्पायरो. हे लिहायला बसले त्याला कारण केमिस्ट. नेहमीच्या दुकानात स्पायरोनोलॅक्टोन नव्हती, म्हणून स्टँडसमोरच्या दुकानात गेले. त्याने चिठ्ठी बघितली, "घरात कुणाला बीपी आहे काय?" म्हणून विचारलं आणि पट्टी कापून दिली. "कंपनी वेगळी, कंटेंट तोच." कंटेंट तोच नव्हता. स्पायरोच्या जोडीला त्यात फ्रुसेमाइड होतं, म्हणजे लॅसिक्स, अंगावर सूज आलेल्या पेशंटचं पाणी काढायला देतात ते. मला कळलं चिपळूण-कराड एसटीत. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाट सुरू झाला आणि पोटात कळ. वर पिंढऱ्यांत गोळे, डोळ्यांपुढे अंधारी. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, कोयनानगरला थांबवतो, पण लगेच या." मॅडम म्हणाला याचा आनंद करायचीही सोय नव्हती.

तर स्पायरो. हार्मोन्स सुरू करावेत का म्हणून विचारणारी प्रत्येक जण इस्ट्रोजेनला घाबरलेली असते. गुठळी होईल, कॅन्सर होईल. लघवीचं कुणी विचारत नाही. स्पायरो हे मुळात लघवी वाढवणारं, बीपीचं आणि हृदयाचं औषध. टेस्टोस्टेरॉनला अडवणं हे त्याचं जोडकाम. म्हणून पाणी प्यायलं की लघवीला पळा. घरात ठीक आहे. पण अजून दाढीची हिरवट सावली गालावर आहे, आवाज जुनाच आहे, आणि तुम्ही एसटी स्टँडवर दोन दारांसमोर उभ्या आहात. बायकांच्या दारात पैसे घेणारी बाई वरपासून खालपर्यंत बघते. पुरुषांच्या दारात जायचं तर ओढणी काढून पिशवीत कोंबा. सुरुवातीचे कित्येक महिने मी प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचे, आणि पाणी तोडलं की उठताना चक्कर. हा दुष्परिणाम कुठल्याच माहितीपत्रकात या भाषेत छापलेला नसतो.

दुसरी कटकट पोटॅशियमची. स्पायरो ते शरीरात धरून ठेवतं आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून पहिल्या वर्षात दर तीन महिन्यांनी रक्त. डॉक्टरांनी लो-सोडियम मीठ बंद करायला लावलं, कारण त्यात पोटॅशियमच असतं, आणि शहाळ्यावर हात आखडता घ्यायला सांगितला. दारात चार माड असताना! आई अजून म्हणते, "असलं कसलं औषध, नारळपाण्याला नको म्हणतं?"

इस्ट्रोजेनबद्दल मात्र माझी तक्रार फक्त पैशाची. वडिलांच्या पायात गुठळी झाली होती, म्हणून डॉक्टरांनी गोळीऐवजी जेल दिलं. तोंडातून घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात. कातडीतून गेलेल्याचा तो धोका कमी. सिगरेट ओढणाऱ्यांनी आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. मी दुसऱ्या गटात. जेल गोळीपेक्षा महाग पडतं, आणि कोकणातल्या जुलैत ते वाळतच नाही. दंडाला लावून पंख्याखाली हात लांब करून बसायचं, भाचीला जवळ येऊ द्यायचं नाही, कारण ओलं असताना दुसऱ्याच्या अंगाला लागतं. आणि ज्या हाताला जेल लावता त्या हाताचं रक्त तपासणीला देऊ नका, इस्ट्रोजेनचा आकडा भलताच चढा येतो. साधारण मिलिलिटरला १०० ते २०० पिकोग्रॅममध्ये ठेवायचा असतो तो.

आपल्यातल्या अनेक जणी अजून गर्भनिरोधक गोळ्या फोडून खातात, स्वस्त आणि चिठ्ठीशिवाय मिळतात म्हणून. काटकसर मलाही कळते, पण इथे नको. त्यातलं एथिनिल इस्ट्रॅडिऑल हे इस्ट्रोजेन वेगळं, गुठळीचा धोका त्यात जास्त, आणि रक्ततपासणीत ते नीट मोजताही येत नाही.

कॅन्सरचं म्हणाल तर ॲमस्टरडॅमच्या क्लिनिकमधल्या २,२६० ट्रान्स स्त्रियांचा अभ्यास २०१९ साली छापून आला. त्यात स्तनाचा पसरणारा कॅन्सर १५ जणींना झालेला. पुरुषांच्या मानाने हे प्रमाण पुष्कळ जास्त, इतर बायकांच्या मानाने कमी. म्हणजे छाती तपासत राहायची, बायका तपासतात तशी.

फायदे? छातीत सुपारीएवढी गाठ आली तेव्हा एसटीच्या दांडीवर आपटून जीव गेला होता, तरी घरी येऊन आरशासमोर हसत बसले. कातडी मऊ झाली, घामाचा वास बदलला, रडू येतं, आणि आलं की बरं वाटतं. दाढी जात नाही, त्याला लेझर. आवाज बदलत नाही. मूल हवं असेल तर वीर्य आधी गोठवून ठेवा. नंतर औषध बंद केलं तरी परत जमेलच असं नाही. मला नको होतं, त्यामुळे भाड्याचे पैसे वाचले.

सहा महिन्यांपूर्वी विचारलं असतंत तर मी स्पायरोला हात लावू नका म्हटलं असतं. आता तसं म्हणणार नाही. जेलचा डोस बसल्यावर टेस्टोस्टेरॉन नुसत्या इस्ट्रोजेननेही बऱ्यापैकी दबायला लागलं, डॉक्टरांनी स्पायरो निम्म्यावर आणली, सगळी सकाळी घ्यायला सांगितली, आणि रात्रीची झोप परत मिळाली. स्पायरोऐवजी सायप्रोटेरोन हा दुसरा पर्याय मी विचारला होता. मेंदूच्या आवरणातल्या गाठींमुळे युरोपच्या औषध नियामकाने २०२० साली त्याच्या वापरावर बंधनं आणली. धोका डोसबरोबर वाढतो, कमी डोसवर घेणाऱ्या आहेतच. टेस्टोस्टेरॉन दाबणाऱ्या ल्युप्रोलाइडच्या इंजेक्शनची किंमत ऐकून मी विषय बदलला. लघवी परवडली.

रिपोर्टवर मात्र अजून हसू येतं. लॅब पुरुषांची मर्यादा छापते, त्यामुळे बायकांच्या हिशेबाने व्यवस्थित असलेल्या हिमोग्लोबिनपुढे लाल खूण. गावातल्या डॉक्टरांनी ती बघून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. मी घेतल्या नाहीत.

केमिस्टचं अजून मिटलेलं नाही. उरलेली पट्टी परत घ्यायला तो तयार आहे, पैसे द्यायला नाही. म्हणे कापलेली पट्टी विकली जात नाही. कापली कुणी? बिलावर त्याने स्वतःच्या हाताने दुसऱ्या औषधाचं नाव लिहिलंय, ते बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी दोन्हींची झेरॉक्स काढून ठेवली आहे. सोमवारी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार टाकणार.