पोलेन्त्सोत शिकताना खेड्यात राहणं : सप्टेंबर ते जूनचा अनुभव

इटलीच्या पिएमोन्ते प्रांतातल्या, ब्रा शहराजवळच्या पोलेन्त्सोला खाद्यशास्त्र शिकायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न राहण्याचा असतो. ब्रा शहरात खोली घ्यावी की बाहेर, शेतात? मी दुसरा पर्याय निवडला, एका जुन्या शेतघराचा वरचा मजला. अन्नाचा अभ्यास करायला एवढ्या लांब येणार असाल तर खेड्यातच राहा, असं मी ठामपणे सांगेन. गैरसोयी भरपूर आहेत, त्याही सांगते.

ब्रा हे स्थानिक, पारंपरिक अन्न जपणाऱ्या स्लो फूड चळवळीचं आणि तिचे संस्थापक कार्लो पेत्रिनींचं गाव. त्या चळवळीतूनच २००४ मध्ये इथलं विद्यापीठ उभं राहिलं, तेही सावोय राजघराण्याच्या जुन्या वाड्यात. शिक्षण उत्तम आहे. पण वर्गात ‘हंगाम’ शिकणं वेगळं आणि हंगामाप्रमाणे जेवणं वेगळं.

सप्टेंबरात आले तेव्हा जवळच्या लांगे भागातल्या टेकड्यांवर द्राक्षतोडणी सुरू व्हायची होती आणि हेझलनटचा हंगाम संपत आला होता. इथली ‘तोंदा जेंतिले’ जात पिकली की आपोआप जमिनीवर गळते, मग ती गोळा करतात. भाजून फडक्यात चोळली की सालं झटक्यात सुटतात. शेंगदाणे संपल्यावर मी हेझलनटचंच कूट केलं. काकडीच्या कोशिंबिरीत अप्रतिम लागतं. साबुदाण्याच्या खिचडीत मात्र तेल सुटतं आणि खिचडी जड होते.

थंडीत घरमालकीणबाईंनी ‘बान्या काउदा’ हा इथला पदार्थ खायला बोलावलं. माणशी लसणाचा एक अख्खा गड्डा, खारवलेले अँचोवी मासे आणि ऑलिव्ह तेल. हे मंद आचेवर इतका वेळ ठेवतात की मासे विरघळून जातात. लसूण लाल होऊ द्यायचा नाही, म्हणून बाई चुलीपासून हलल्याच नाहीत. मग प्रत्येकासमोर मातीचं छोटं भांडं, खाली मिणमिणती वात, आणि त्यात बुडवायला भाज्या. समुद्र नसलेल्या प्रदेशाच्या मानाच्या पदार्थात मासा कसा, तर लिगुरियाच्या किनाऱ्यावरून मीठ आणि खारवलेले मासे डोंगरवाटांनी इकडे येत. माइरा खोऱ्यातले लोक हिवाळ्यात गावोगाव फिरून अँचोवी विकत.

भाज्यांत ‘कार्दो गोब्बो’ होता, म्हणजे कुबडा कार्दो. ही आर्टिचोकच्या कुळातली भाजी. नित्सा मोन्फेरातोकडचे शेतकरी सप्टेंबरात उभं झाड वाकवून मातीखाली गाडतात. उजेडाकडे वळण्याच्या धडपडीत देठ वाकडे होतात, हिरवा रंग जातो आणि भाजी कच्ची खाण्याइतकी कोवळी होते. कडसर, रसरशीत, दाताखाली कुरकुरणारा तो देठ गरम तेलात बुडवून खाल्ला आणि प्रादेशिक वाणं जपायची कशासाठी, हे मला त्या क्षणी कळलं. दुसऱ्या दिवशी अंगाला लसणाचा वास होता, पण वर्गात निम्म्यांची तीच गत!

आता अडचणी. रविवारी आमच्याकडे बस नाही, संध्याकाळची शेवटची लवकर जाते. सायकल हवीच. नोव्हेंबरातल्या दाट धुक्यात तीही नको वाटते. दुकानं दुपारी बंद होतात ती साडेतीन-चारपर्यंत उघडत नाहीत. जुन्या दगडी घरात हीटिंगचा खर्च भाड्याच्या जोडीने आधीच विचारून घ्या.

शाकाहारींचे हाल होत नाहीत, पण प्रत्येक ठिकाणी विचारावं लागतं. ब्राचं प्रसिद्ध सॉसेज वासराच्या मांसाचं असतं आणि ते कच्चंच खातात. ‘आन्योलोत्ती देल प्लिन’ या भरलेल्या पास्त्याच्या सारणातही बहुतेकदा मांस असतं. अंडं चालत असेल तर ताजारिन खा. एका किलो मैद्याला तीस-चाळीस बलक घालून मळलेल्या या बारीक शेवयांना नुसतं लोणी आणि सेजची सुगंधी पानं पुरतात. आल्बा शहराचा पांढरा ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी, विद्यार्थ्याच्या खिशाबाहेरचा आहे. शनिवारच्या बाजारात त्याचा वास फुकट मिळतो, तेवढ्यावर मी समाधानी होते.

वर्ग इंग्रजीत चालतात, शेजार नाही. म्हाताऱ्या मंडळींच्या तोंडी तर पिएमोन्तेसे बोली असते. निघण्याआधी निदान कामचलाऊ इटालियन शिका, नाहीतर खेड्यात राहण्याचा निम्मा फायदा हातचा जाईल. विषम वर्षी येत असाल तर सप्टेंबरातला ब्राचा चीज महोत्सव गाठा. पोहोचल्यावर कामाच्या आठ दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो, त्याची कागदपत्रं घरूनच लावून आणा. आणि लहान कुकर नक्की आणा.