पवित्र प्रभाकर: मुंबईचा स्पायडर-मॅन अर्धाच जमलाय

‘स्पायडर-मॅन: इंडिया’ ही चार अंकांची इंग्रजी कॉमिक्स मालिका २००४ साली आली. स्पायडर-मॅनची मूळ अमेरिकी प्रकाशनसंस्था मार्व्हल, तिच्याबरोबर गॉथम एंटरटेनमेंट ग्रुपने ती काढली. कथा शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांची, चित्रं कांग यांचीच. घ्यायची तर चारही अंकांची एकत्रित आवृत्ती घ्या. गोष्ट सलग वाचली तरच पकड घेते.

मूळ स्पायडर-मॅन पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर, त्याची मैत्रीण मेरी जेनची मीरा जैन, खलनायक नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय. आद्याक्षरं राखण्याचा हट्ट इथे नडतो. मराठी कानाला प्रभाकर हे वडिलांचं नाव वाटतं, आडनाव नाही. पवित्र नावाचा मुलगा तर गावात शोधून सापडणार नाही. पीटरला वाढवणारे काका-काकू, अंकल बेन आणि आंट मे, मात्र भीम आणि माया झाल्यावर आपसूक भीमकाका आणि मायाकाकू होतात, आणि घर ओळखीचं वाटू लागतं.

सगळ्यात मोलाचा बदल काकांच्या मृत्यूचा आहे. १९६२ च्या मूळ कथेत स्पायडर-मॅनचे जनक स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी सगळा पाया अवघ्या ११ पानांत घातला. पळणाऱ्या चोराला पीटर अडवत नाही. पुढे काकांचा खून होतो, पीटर खुन्याला गोदामात गाठतो, चेहरा बघतो, आणि हाच तो चोर! पोटात खड्डा पडतो तो त्या एका चौकटीमुळे. पवित्रच्या गोष्टीत गुंड एका बाईच्या अंगावर धावून गेलेले असतात. तो पाहतो आणि निघून जातो. परत येतो तोवर तिला वाचवायला मध्ये पडलेल्या भीमकाकांना भोसकलेलं असतं. चेहरा ओळखण्याचा धक्का इथे गेला. पण पुतण्याने जे टाळलं नेमकं तेच काकांनी केलं, तेही अंगात कुठलीही शक्ती नसताना. बेनच्या वाट्याला मूळ कथेत फक्त मरण येतं, भीमकाका मात्र स्वतः उभे राहतात. एवढ्यासाठी तरी हे पुस्तक वाचावं.

शक्ती मिळण्याच्या प्रसंगात मात्र मालिका घसरते. किरणोत्सर्गी कोळ्याच्या जागी इथे एक योगी येतो आणि वरदान देतो. पीटर विज्ञानाचा विद्यार्थी. जाळ्याचं चिकट रसायन आणि ते सोडणारं मनगटावरचं यंत्र तो स्वतः बनवतो, म्हणून तो वाचकाला आपल्यातला वाटतो. पवित्र गावातून शिष्यवृत्ती मिळवून मुंबईला आलेला हुशार पोरगा, पण त्याच्या हुशारीला कथेत कामच उरत नाही. भारत म्हटलं की साधू आणि मंत्र, हे गणित २००४ सालीही जुनं झालं होतं. खलनायकाचंही तसंच. ओबेरॉय ताईताच्या जोरावर खराखुरा राक्षस होतो. दिसतो जबरदस्त, पण मुखवट्यामागे आपल्यासारखाच माणूस आहे ही मूळची भीती हरवते.

पोशाखाबाबत मन दुभंगतं. वर ओळखीचं जाळं, खाली धोतर. चित्र म्हणून ते सुरेख जमलंय. झेप घेताना घोळ मागे फडफडतो, त्यामुळे वेग आणि वाऱ्याची दिशा न सांगता कळते. अंगाला चिकटलेल्या मूळ पोशाखात ही सोय नाही. पण गावचा म्हणून शाळकरी पोराला धोतर नेसवणं पटत नाही. आपल्या गावांत तेव्हा धोतर आजोबांच्या अंगावर होतं, नातू पँट घालत होता.

२०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात हाच पवित्र ‘मुंबॅटन’ नावाच्या शहरात भेटतो. भारतात चित्रपट १० भाषांत आला, त्यात मराठीही होती. तिथला पवित्र दबलेला नाही. तो बोलका आणि आपल्या शहराचा अभिमान असलेला आहे. त्या शहराच्या रंगरेषांमागे इंद्रजाल कॉमिक्सची प्रेरणा आहे. त्यातले वेताळाचे, म्हणजे फँटमचे, जुने मराठी अंक ज्यांनी हाताळलेत त्यांना ती शाई लगेच ओळखू येईल.

पुस्तक घेतलंत तर आधी १९६२ ची ११ पानं वाचा आणि मग काकांचे दोन्ही प्रसंग शेजारी-शेजारी ठेवून बघा.