इंग्रजी उपपदांच्या चुकांसाठी शोधनमुने : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहून मी कृषी आणि समाजकार्य शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे इंग्रजी प्रबंध तपासून देतो. गावात इंटरनेटचा भरवसा नाही आणि विद्यार्थ्याचा अप्रकाशित प्रबंध एखाद्या ऑनलाइन सेवेच्या हवाली करणे मला योग्यही वाटत नाही. म्हणून गेल्या मृगापासून मी आधी वर्डमधील वाइल्डकार्ड आणि पुढे लिबरऑफिस या मोफत लेखन-प्रणालीतील रेग्युलर एक्स्प्रेशन यांच्या, म्हणजे नेमक्या शब्दाऐवजी अक्षरांचा नमुना देऊन मजकूर शोधण्याच्या सोयींच्या, साहाय्याने 'ए', 'ॲन' आणि 'द' या उपपदांच्या चुका शोधू लागलो. दोन्हींची कामे संगणकावरच होतात, त्यांना नेटवर्क लागत नाही.

मराठीत अशी उपपदे नसल्यामुळे ती लिहिताना जशी गळतात, तशी तपासतानाही नजरेतून सुटतात. स्पेलिंगची चूक मला अडवते. गळलेला 'द' मात्र मी मनातल्या मनात भरून पुढे जातो, आणि हे लक्षात आल्यावरच मी यंत्राची मदत घेण्याचे ठरवले.

सुरुवात सर्वांत सोप्या नमुन्याने केली. वर्डमध्ये कंट्रोल आणि एच दाबून, 'मोअर' उघडून, 'यूज वाइल्डकार्ड्स'वर खूण केली. मग शब्दाचा आरंभ दाखवणारे कोनी चिन्ह, 'ए' हे अक्षर, एक रिकामी जागा आणि चौकटी कंसात पाच स्वर असा नमुना लिहिला. 'ए ॲव्हरेज यील्ड', 'ए इरिगेटेड फील्ड' अशा चुका लगेच सापडल्या. तरीही 'ए इंडियन फार्मर' सुटत राहिले, कारण वाइल्डकार्ड चालू असताना वर्ड लहान आणि मोठी लिपी वेगळी मानतो आणि माझ्या कंसात फक्त लहान स्वर होते. उपपदाचे अक्षर आणि स्वर दोन्ही लहान-मोठ्या रूपांत लिहिल्यावर ही गळती थांबली.

खरी गुंतागुंत पुढे आहे. 'ए' की 'ॲन' हे अक्षर ठरवत नाही, उच्चार ठरवतो, आणि नमुन्याला तर फक्त अक्षर दिसते. त्यामुळे 'ए युनिट', 'ए युरोपियन व्हरायटी', 'ए वन-एकर प्लॉट' या बरोबर रचनांवरही तो थांबतो. मेंढीपालनाच्या एका प्रबंधात तो प्रत्येक 'ए यू' जवळ, म्हणजे मेंढीसाठीच्या इंग्रजी शब्दाजवळ, थांबत होता, कारण तो शब्द लिहिताना स्वराने आणि बोलताना 'य'ने सुरू होतो. उलट दिशेच्या चुका या नमुन्याला सापडतच नाहीत. 'अवर' आणि 'ऑनरेरियम' यांतला 'एच' मुका असल्याने त्यांच्याआधी 'ॲन' हवे. 'हर्ब'मधला 'एच' ब्रिटिश उच्चारात ऐकू येतो आणि अमेरिकी उच्चारात येत नाही, म्हणून प्रबंध कोणत्या इंग्रजीत आहे हे मी आधीच ठरवून घेतो. आद्याक्षरांचा घोळ आपल्याकडे फार आहे. बचत गटासाठी 'एसएचजी', शेतकरी उत्पादक संस्थेसाठी 'एफपीओ', शिवाय 'एनजीओ' आणि 'एमएलए' ही सगळी बोलताना स्वराने सुरू होतात, त्यामुळे त्यांच्याआधी 'ॲन' लागते; तेच 'सेल्फ-हेल्प ग्रुप' असे पूर्ण लिहिले की 'ए' येते. आकड्यांचेही तसेच आहे. सोयाबीनच्या 85 दिवसांच्या वाणासाठी 'ॲन 85-डे व्हरायटी' हवे; 8, 11 आणि 18 यांच्यासाठी वेगळा नमुना करावा लागला आणि 11 आणि 18 यांच्यानंतर शब्दाची सीमा लिहावी लागली, नाहीतर 'ए 110' हे बरोबर असूनही पकडले जाते.

याच टप्प्यावर माझ्या हातून एक गंभीर चूक झाली. संत्र्याच्या विपणनावरील प्रबंधात मी 'रिप्लेस ऑल' वापरले आणि 'ग्रेड ए ऑरेंजेस'मधील प्रतवारीचा 'ए' सगळीकडे 'ॲन' होऊन बसला. मूळ प्रत वेगळी ठेवलेली होती म्हणून विद्यार्थ्याचे नुकसान टळले. तेव्हापासून मी नमुन्याने एकही दुरुस्ती आपोआप करून घेतलेली नाही. लिबरऑफिसमध्ये 'फाइंड ऑल' करून सापडलेल्या जागा पिवळ्या रंगवतो आणि एकेक वाक्य वाचून निर्णय घेतो.

गळलेल्या उपपदाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण जे कागदावर नाही ते शोधायचे कसे? यावर मला सापडलेला उपाय म्हणजे त्याचा शेजार शोधणे. आपल्या भागातील प्रबंधांत 'इन प्रेझेंट स्टडी', 'फ्रॉम अबव्ह टेबल', 'मेजॉरिटी ऑफ रिस्पॉन्डंट्स', 'ऑन बेसिस ऑफ', 'विथ हेल्प ऑफ', 'सेम मेथड' हे प्रयोग पानोपानी भेटतात आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी 'द' गळलेला असतो. लिबरऑफिसमध्ये 'ज्याच्या आधी द नाही असा प्रेझेंट स्टडी' अशी नकारात्मक अट लिहिता येते, आणि उभ्या रेघेने अनेक पर्याय एकाच नमुन्यात जोडता येतात. वर्डच्या वाइल्डकार्डमध्ये हे पर्याय जोडणे जमत नाही, म्हणून या कामासाठी मी लिबरऑफिसकडे वळलो ते वळलोच. कोणाची तयार यादी येथे फारशी कामी आली नाही; मीच तपासलेल्या जुन्या प्रबंधांतील दुरुस्त्या चाळून माझी यादी वाढत गेली.

नको तिथे आलेल्या उपपदांसाठी 'रिसर्च', 'इन्फर्मेशन', 'इक्विपमेंट', 'ॲडव्हाइस', 'लाइव्हस्टॉक' अशा न मोजता येणाऱ्या नामांची यादी आहे. ती उपयोगी आहे, पण 'ए रिसर्च पेपर'मधील उपपद 'पेपर'चे असते आणि 'ॲन ॲन्युअल रेनफॉल ऑफ' ही रचना बिनचूक असते, हे ध्यानात ठेवावे लागते. 'द देअर', 'ए हिज' अशा दुहेरी निर्धारकांचा, म्हणजे एकाच नामाआधी उपपद आणि 'त्यांचा', 'त्याचा' असा शब्द दोन्ही आल्याचा, नमुना मात्र जवळपास कधीच चुकीच्या जागी थांबत नाही. अजून एक व्यावहारिक अडचण सांगतो : उपपद आणि नाम यांच्यात साध्या जागेऐवजी न तुटणारी जागा (दोन शब्दांना वेगवेगळ्या ओळींत जाऊ न देणारी) असेल तर नमुना ते ओलांडून जातो, म्हणून तपासणीआधी मी त्या सर्व जागा साध्या करून घेतो.

सव्वाशे पानांच्या प्रबंधावर सगळे नमुने फिरवायला मला एक सकाळ लागते. पूर्ण वाचन त्याआधी एकदा आणि नंतर एकदा होतेच, कारण 'ए फार्मर' की 'द फार्मर' हे मागच्या परिच्छेदात त्या शेतकऱ्याची ओळख झाली आहे की नाही यावर अवलंबून असते आणि तिथे कोणताही नमुना पोहोचत नाही. स्थळनामांतही हीच गत आहे. 'इन विदर्भ' बरोबर, पण 'रीजन' जोडले की 'इन द विदर्भ रीजन'. 'वर्धा' शहराला आणि जिल्ह्याला उपपद लागत नाही, वर्धा नदीला लागते, आणि कोळसा खाणींच्या 'वर्धा व्हॅली'लाही लागते. म्हणून माझा शेवटचा नमुना प्रत्येक 'वर्धा'वर फक्त थांबतो, आणि तिथे लेखकाला गाव म्हणायचे आहे की नदी, हे मी वाक्य वाचून ठरवतो.