ग्वाल्हेरच्या हवेत तांब्याचा बंब

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात महाराज बाड्याजवळच्या एका दुकानातून घेतलेला ४० लिटरचा तांब्याचा बंब आमच्या अंगणात रोज पेटतो. पत्रा जाड आहे, मधली नळी रुंद आहे आणि राखेच्या खणाला सरकते झाकण आहे. माझ्या मते या झाकणासाठीच तो घ्यावा, कारण नळीत किती लाकूड टाकायचे आणि त्याला खालून किती वारा द्यायचा, हे रोजच्या हवेवर ठरते.

१२ अंशांचे ४० लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ८ मेगाज्यूल उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण १६ मेगाज्यूल असतात. पण त्यातील दोन तृतीयांश उष्णता नळीवाटे निघून जाते असे धरले, तर जानेवारीत दीड किलो लाकूड हवे. पावसाळ्यात पाणी मुळातच इतके गार नसते, म्हणून त्याच्या सुमारे दोन तृतीयांशात भागते. मात्र तेव्हा लाकूड सादळलेले असते आणि त्यातील ओल उडवण्यातच जाळ खर्ची पडतो, त्यामुळे सरपण छपराखाली ठेवण्याला पर्याय नाही.

कोरड्या, वाऱ्याच्या थंडीत नळी जोराने ओढ घेते आणि झाकण उघडे राहिले तर ज्वाळा पाणी तापवण्याऐवजी नळीच्या तोंडातून वर जातात. अशा दिवशी बाभळीचे जाड तुकडे घालून झाकण जवळजवळ बंद करावे. चंबळच्या दऱ्यांत माजलेली विलायती बाभूळ याला फार चांगली, तिचा निखारा बराच वेळ टिकतो. हवा उबदार आणि स्तब्ध असली की ओढ मंदावते व धूर खालून परततो. तेव्हा आधी तुराट्यांचा भडका करून नळी तापवावी आणि मग बारीक फोडलेले लाकूड थोडे थोडे टाकावे. नळी एकदम ठासून भरू नये.

दोष एकच आढळला: जाळीचे गज फार विरळ आहेत, त्यामुळे अर्धवट जळलेले निखारे राखेत पडतात. दुकानदाराने जाळी बदलून दिली नाही. शेवटी लोहाराकडून आणखी दोन गज बसवून घ्यावे लागले. तोटी आणि सांध्यांचे डाख मात्र पक्के आहेत, तरी पाणी भरल्याशिवाय जाळ करू नये, अन्यथा डाख सुटतो. बंद न्हाणीघरात बंब पेटवणे कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकते, म्हणून ज्यांच्याकडे अंगण किंवा मोकळी गच्ची नाही त्यांनी तो घेऊ नये. इतरांनी जाळी नीट तपासून जरूर घ्यावा.